मराठी लेखनासाठी कोरा पडदा आणि बोलका कळफलक

संगणकावर एकाग्रतेने लिहायचे असेल तर काय करावे, या प्रश्नाला बहुधा एकच उत्तर मिळते. पडद्यावरची बटणे, पट्ट्या आणि खिडक्या लपवाव्यात, समोर केवळ कोरे पान ठेवावे आणि माऊस बाजूला सारावा. हा विचार जुनाच आहे. २००६ मध्ये मॅक संगणकांसाठी आलेल्या ‘राईटरूम’ने काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे, एवढाच संसार लेखकापुढे ठेवला आणि पाहता पाहता अशा प्रोग्रॅमची रांगच लागली. त्याही आधी १९७८ चे ‘वर्डस्टार’ होते. त्यात सर्व कामे कळफलकावरूनच होत. ‘आपण अजूनही डॉसवर वर्डस्टारमध्येच लिहितो,’ असे कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी २०१४ मध्ये सांगितले, तेव्हा अनेकांना नवल वाटले होते.

इंग्रजीत लिहिणाऱ्याला हे उत्तर पुरेसे ठरते. मराठीत लिहिणाऱ्याचे लक्ष मात्र बटणांमुळे जितके विचलित होते, त्याहून अधिक ते अक्षर उमटवण्याच्या पद्धतीमुळे होते. पडदा कोरा केला आणि टायपिंगची पद्धत तीच ठेवली, तर अर्धेच काम होते.

यादीत अडकलेली नजर

आज बहुतेक जण रोमन लिपीत शब्द लिहून त्याचे मराठी रूप मिळवतात. शिकायला ही पद्धत सोपी आहे आणि चार ओळींच्या निरोपाला ती पुरेशीही आहे. परंतु ‘नंदुरबार’ लिहिण्यासाठी रोमन नऊ अक्षरे दाबली की अनेक साधनांत शब्दांची यादी खाली उघडते. ‘नंदुरबार’ की ‘नंदूरबार’, ‘दिन’ की ‘दीन’, हे त्या यादीतून निवडावे लागते. म्हणजे लेखक दर दोन-तीन शब्दांनी लिहिणे थांबवून वाचक होतो. पाच पानांच्या लेखात हे शेकडो वेळा घडते आणि वाक्याचा धागा तिथेच सुटतो.

यावर उपाय आहे तो इन्स्क्रिप्ट कळफलकाचा. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाच्या पुढाकाराने १९८६ मध्ये ही रचना सिद्ध झाली आणि १९९१ च्या भारतीय मानकात तिला स्थान मिळाले. विंडोज आणि लिनक्स या दोन्ही प्रणालींत ती उपलब्ध आहे. वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. तिचे सूत्र साधे आहे. स्वर आणि मात्रा प्रामुख्याने डाव्या हाताकडे, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताकडे. ज्या क्रमाने उच्चार, त्याच क्रमाने कळा. मधल्या ओळीवर डावीकडे ओकार, एकार, हलन्त, ऱ्हस्व वेलांटी आणि ऱ्हस्व उकार बसतात; उजवीकडे प, र, क, त, च आणि ट. महाप्राण व्यंजन हवे असेल तर शिफ्ट दाबायची: क चा ख होतो, द चा ध होतो.

नंदुरबार जिल्ह्याच्या सहा तालुक्यांची नावे यासाठी लिहून पाहावीत. ‘नंदुरबार’ला आठ कळा लागतात आणि शिफ्ट एकदाही नाही. ‘नवापूर’ला सहा कळा, तिथेही शिफ्ट नाही. ‘शहादा’, ‘तळोदा’, ‘धडगाव’ (म्हणजेच अक्राणी तालुका) आणि ‘अक्कलकुवा’ यांत शिफ्ट केवळ एकदाच लागते. अनुक्रमे श, ळ, ध आणि अ साठी. कुठेही यादी नाही, निवड नाही. ‘सातपुड्याच्या दऱ्या’ लिहिताना मराठीचा खास ‘ऱ्य’ हवा असेल, तर शिफ्टसह र ची कळ, मग हलन्त आणि य. हात एकदा सरावला की डोळे पडद्यावरच्या वाक्यावर राहतात.

शब्दकोशाबाहेरच्या भाषा

हा प्रश्न केवळ वेगाचा नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात, २०११ च्या जनगणनेनुसार, सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. भिली, पावरी, मावची, अहिराणी, गुजरी, गुजराती आणि मराठी येथे शेजारी नांदतात. ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाने १९०७ च्या खंडात भिली भाषांची आणि खानदेशीची नोंद घेतली होती. संगणकाच्या शब्दसूचनांपर्यंत मात्र यांतील बहुतेक भाषा आजही पोचलेल्या दिसत नाहीत. सूचना देणारे साधन प्रमाण मराठीच्या किंवा हिंदीच्या शब्दसाठ्यावर चालते. अहिराणीतील ‘मन्हा’ किंवा ‘तुन्हा’ त्याला चूक वाटू शकतो आणि तो शब्द ‘सुधारण्या’चा त्याचा प्रयत्न असतो. आजीच्या तोंडची गाणी, लग्नातील गीते किंवा गावदेवाच्या कथा उतरवून घेणाऱ्याला ही सुधारणा परवडणारी नाही. नकळत बदललेला एक शब्द पुढे ‘मूळ पाठ’ म्हणून छापला जातो.

इन्स्क्रिप्ट कळफलकाला शब्दकोशच नसतो. म, न, हलन्त, ह आणि काना या पाच कळा दाबल्या की ‘मन्हा’च उमटतो. ज्या बोलीला संगणकात शब्दकोश नाही, तिला काहीही न सुचवणारे साधनच न्याय देते. दुसरा लाभ सीमेवरचा. इन्स्क्रिप्टमध्ये भारतीय लिप्यांतील समान ध्वनींची जागा एकच असते. ज्याचे रेल्वे स्थानक महाराष्ट्र आणि गुजरात अशा दोन राज्यांत विभागलेले आहे, त्या नवापूरच्या माणसाला गुजराती लिहिण्यासाठी नवी रचना शिकावी लागत नाही. लिपी बदलली तरी क ची कळ तीच राहते.

टायपिंगच्या वर्गात रेमिंग्टन पद्धत शिकलेल्यांनी मात्र घाईने ती सोडू नये. रेमिंग्टनची रचना पाळणारे युनिकोड कळफलकही मिळतात. फरक एवढाच, की तिथे ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधी दाबावी लागते, इन्स्क्रिप्टमध्ये नंतर. लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मिनिटाला ३० शब्दांचे मराठी टायपिंग शिकणारे तरुण राज्यातील प्रत्येक तालुक्याच्या गावी भेटतात. प्रमाणपत्र मिळाल्यावर हे कौशल्य बहुधा कार्यालयीन पत्रांपुरतेच उरते. वास्तविक स्वतःचे लेखन करण्यासाठी लागणारी अर्धी तयारी त्यांच्या बोटांत आधीच असते.

संपादक कोणता निवडावा

येथे संपादक म्हणजे साधा मजकूर लिहिण्याचा प्रोग्रॅम. त्यात रंगीत शीर्षके नसतात, चित्रे नसतात. जुन्या, कमी क्षमतेच्या संगणकावरही यातील हलके प्रोग्रॅम सहज चालतात. नवशिक्यासाठी ‘फोकसरायटर’ हा विनामूल्य प्रोग्रॅम योग्य आहे. तो पूर्ण पडदा व्यापतो आणि मेनू कडेला दडवतो. ‘नोटपॅड प्लस प्लस’च्या ‘व्ह्यू’ मेनूत विक्षेपरहित रूप आहे. ‘व्हीएस कोड’मध्ये कंट्रोल आणि के, त्यानंतर झेड दाबले की ‘झेन मोड’ येतो आणि एस्केप दोनदा दाबले की तो जातो.

कळफलकाला सर्वस्व मानणारे दोन जुने संप्रदाय म्हणजे ‘व्हिम’ आणि ‘ईमॅक्स’. व्हिमची परंपरा बिल जॉय यांच्या १९७६ च्या ‘व्हीआय’पर्यंत जाते, ब्रॅम मुलेनार यांनी १९९१ मध्ये व्हिम प्रसिद्ध केला. त्यात लिहिण्याची आणि आज्ञा देण्याची अवस्था वेगवेगळी असते. आज्ञेच्या अवस्थेत शब्द पुसणे, ओळ हलवणे ही कामे रोमन अक्षरांनी होतात. मराठी लेखकाची अडचण नेमकी येथेच होते. संगणकाचा कळफलक मराठीवर असेल तर आज्ञेच्या जागी क किंवा त जातो आणि व्हिम स्तब्ध राहतो. उपाय असा, की संगणकाचा कळफलक इंग्रजीवरच ठेवावा आणि व्हिमची स्वतःची ‘की-मॅप’ सोय वापरावी. ती लिहिण्याच्या अवस्थेतच लागू होते. कोणत्या कळेला कोणते अक्षर, याची दोन स्तंभांची यादी साध्या फाईलमध्ये लिहून ती स्वतःला तयार करता येते.

ईमॅक्समध्ये देवनागरी इन्स्क्रिप्ट आधीपासूनच अंतर्भूत आहे. कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ दाबून मराठी-इंग्रजी अदलाबदल होते आणि कंट्रोलसह दिलेल्या आज्ञा मराठी चालू असतानाही पाळल्या जातात. मेनू, साधनपट्टी आणि सरकपट्टी बंद करण्यास सुरुवातीच्या फाईलमध्ये तीन ओळी पुरतात. २०२० च्या २७ व्या आवृत्तीपासून अक्षरजुळणीसाठी ‘हार्फबझ’ची सोय आल्याने जोडाक्षरांसाठीचा पाया भक्कम झाला आहे.

पडद्यावरील देवनागरी

हे संपादक मुळात समान रुंदीच्या रोमन अक्षरांसाठी घडले. देवनागरीत जोडाक्षरांची रुंदी बदलते आणि मात्रा शिरोरेषेच्या वर व अक्षराच्या खाली जातात. म्हणून फाँट निवडताना मुंबईच्या ‘एक टाईप’चा ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ असा युनिकोड फाँट घ्यावा, अक्षर थोडे मोठे ठेवावे आणि ओळींमधील अंतर वाढवावे. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत मराठी अनेकदा तुटक दिसते, तेव्हा चित्रमय खिडकीत चालणारी आवृत्तीच वापरलेली बरी.

फाईल ‘यूटीएफ-८’ याच सांकेतिकरणात जतन करावी. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर अशा संपादकात निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो. आणखी एक उपयुक्त बाब: विंडोजवरील अनेक प्रोग्रॅममध्ये बॅकस्पेस केवळ शेवटची मात्रा पुसते, तर डिलीट पुढचे संपूर्ण जोडाक्षर काढते. वेलांटी चुकली म्हणून सगळा शब्द पुसण्याची गरज नसते.

सुरुवात करताना सारे बदल एकाच दिवशी करू नयेत. पहिले दोन आठवडे केवळ कळफलक शिकावा, रोज वीस मिनिटे. परिचित गावांची आणि माणसांची नावे लिहावीत. त्यानंतर पूर्ण पडद्याचा संपादक घ्यावा, आणि मग कर्सर शब्दाशब्दाने हलवणे, शोधणे, जतन करणे या मोजक्या आज्ञा बोटांना शिकवाव्यात. महिनाभरात माऊसची आठवण क्वचितच होईल. हाती सवड असेल, तर पहिला मजकूर म्हणून घरातील वडीलधाऱ्या माणसांकडून एखादी कथा त्यांच्याच बोलीत ऐकावी आणि ती जशीच्या तशी उतरवावी.