मसालेभात आणि मोठी आच

मसालेभात न आवडणारा माणूस महाराष्ट्रात विरळाच. तांदूळ, तोंडली, मटार, फ्लॉवर आणि गोडा मसाला एकाच पातेल्यात शिजतात. वर ओले खोबरे, कोथिंबीर आणि साजूक तूप पडले की पंगत खूष! असा हा ओळखीचा पदार्थ घेऊन आज आपण उष्णतेचा थोडा अभ्यास करू.

सुरुवातीलाच एक प्रश्न. पातेल्यातले पाणी खळखळ उकळत आहे आणि सर्वांना भूक लागली आहे. अशा वेळी गॅस आणखी मोठा केला, तर भात लवकर शिजेल का? बहुतेक जण 'हो' म्हणतील. पण बरोबर उत्तर 'नाही' असे आहे.

उकळणाऱ्या पाण्याचा नियम

पाणी उकळू लागले की त्याचे तापमान वाढायचे थांबते. त्यानंतर दिलेली सारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. हाच पाण्याचा 'अप्रकट उष्मा'. तो दर ग्रॅमला सुमारे ५४० कॅलरी इतका मोठा असतो.

हे स्थिर तापमान किती, ते हवेच्या दाबावर अवलंबून असते. आमची वाघोली काय किंवा पुणे शहर काय, समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. येथे पाणी सुमारे ९८ अंश सेल्सिअसला उकळते. आता दक्षिण अमेरिकेतील गयाना देशाकडे पाहा. १८३८ सालापासून हजारो भारतीय मजूर करारावर तेथे नेले गेले. त्या देशातही तांदूळ, शेंगांचे दाणे आणि नारळाचे दूध एकत्र शिजवून 'कुक-अप राइस' नावाचा भात करतात. गयानाची राजधानी जॉर्जटाउन समुद्राच्या भरतीच्या पातळीहूनही खाली वसली आहे. साहजिकच तेथे पाणी १०० अंशांना उकळते. पण पुणे असो की जॉर्जटाउन, उघड्या पातेल्यात आच कितीही वाढवली तरी तापमान या मर्यादेच्या पुढे जात नाही.

शिजणे म्हणजे काय?

तांदळात मुख्यतः स्टार्च असतो. साधारण ६० ते ७५ अंशांच्या दरम्यान त्याचे कण पाणी शोषून फुगतात आणि मऊ होतात. या बदलाला उष्णता फारच थोडी लागते. लागतो तो वेळ. कारण पाणी आणि उष्णता दाण्याच्या गाभ्यापर्यंत पोचावी लागतात.

भाज्यांचेही तसेच. उष्णता गाभ्यात पोचण्यास लागणारा वेळ तुकड्याच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. जाडी दुप्पट, तर वेळ चौपट! म्हणून टणक तोंडली उभी चिरून चार फोडी करतात. फ्लॉवर लवकर मऊ होतो, म्हणून त्याचे तुरे मोठे ठेवतात. अशा रीतीने भात आणि भाजी एकाच वेळी तयार होतात. टोमॅटो किंवा चिंच घालायची असेल तर ती उशिरा घालावी. भाजीच्या पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन आंबट पाण्यात लवकर सुटत नाही आणि भाजी कडक राहते.

उष्णतेचा हिशेब

३०० ग्रॅम तांदूळ, ३०० ग्रॅम भाज्या आणि ६०० ग्रॅम पाणी घेतले असे समजू. त्यांचा विशिष्ट उष्मा अनुक्रमे सुमारे ०.४, ०.९ आणि १ धरू. हे सर्व २५ पासून ९८ अंशांपर्यंत, म्हणजे ७३ अंशांनी तापवायचे आहे.

(३०० × ०.४ + ३०० × ०.९ + ६०० × १) × ७३ = सुमारे ७२,००० कॅलरी.

आता मोठ्या आचेमुळे १५० ग्रॅम पाणी जादा वाफ होऊन उडून गेले असे धरा. त्यासाठी १५० × ५४० = ८१,००० कॅलरी लागल्या. म्हणजे सगळा भात तापवायला लागली त्याहून जास्त उष्णता नुसती हवेत गेली! शिवाय पाणी कमी पडल्याने भात कच्चा राहिला. तळाचे पाणी संपल्यावर तेथील तापमान ९८ अंशांवर थांबत नाही. ते झपाट्याने वाढते आणि भात खाली लागतो.

एक ग्रॅम गॅसपासून सुमारे ११,००० कॅलरी मिळतात. त्यांतील ६० टक्के पातेल्याला मिळतात असे धरले, तर ही उधळपट्टी सुमारे १२ ग्रॅम गॅसची झाली. रोज एकदा असे झाले तर वर्षाला जवळजवळ साडेचार किलो, म्हणजे १४.२ किलोच्या टाकीचा सुमारे एक तृतीयांश भाग!

जुनी युक्ती

घरोघरी पातेल्यावर ताट झाकून ताटात पाणी ओततात. ही युक्ती फार शहाणपणाची आहे. वाफ थंड ताटाला लागून तिचे पुन्हा पाणी होते आणि ते भातात ठिबकते. वाफेने सोडलेला अप्रकट उष्मा ताटातले पाणी घेते. भाताला पाणी कमी वाटले की हेच गरम पाणी आत घालतात. म्हणजे उडून जाणारी उष्णता दुसऱ्या वाटेने पातेल्यातच परत येते.

प्रेशर कुकर हे त्यापुढचे पाऊल. वाफ कोंडल्यामुळे आतील दाब वाढतो, पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे १२० अंशांपर्यंत चढतो आणि अन्न खरोखरच लवकर शिजते. पण कुकरमध्येही शिटीचे वजन दाब ठरावीक मर्यादेपुढे जाऊ देत नाही. म्हणून पहिली शिटी झाली की आच बारीक करावी. पुढची प्रत्येक शिटी म्हणजे बाहेर गेलेली उष्णताच.

तुम्ही करून पाहा

एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी लागते. मग चार वाट्या तांदळाला आठ लागेल का? तांदूळ शोषतो ते पाणी तांदळाच्या प्रमाणात वाढते. पण वाफेत जाणारे पाणी मुख्यतः पातेले, झाकण, आच आणि वेळ यांवर ठरते. म्हणून समीकरण असे मांडावे लागेल:

पाणी = क × तांदूळ + ख

समजा क = १.५ आणि ख = ०.५ वाटी. मग एका वाटीला दोन वाट्या पाणी लागेल, पण चार वाट्यांना साडेसहाच! आठ वाट्या घातल्या तर भाताचा गिचका ठरलेला.

तुमच्या घरच्या पातेल्यासाठी क आणि ख शोधून काढा. घरातील मोठ्या माणसांना सोबत घेऊन, भाज्या न घालता, एकदा एक वाटी आणि एकदा दोन वाट्या तांदूळ त्याच पातेल्यात, त्याच आचेवर शिजवा. दर वेळी भात मोकळा होण्यास नेमके किती पाणी लागले ते लिहून ठेवा. दोन समीकरणे मिळतील, ती सोडवा. मग झाकण काढून हाच प्रयोग पुन्हा करा. क आणि ख यांपैकी कोणता अंक जास्त बदलतो, ते आधी ओळखा आणि नंतर पडताळून पाहा.