कासवाची ओळख आणि कासवाची सुटका

ओडिशाच्या किनाऱ्यावर गहीरमाथा, देवी नदीचे मुख व ऋषिकुल्या येथे ऑलिव्ह रिडले जातीची कासवे हजारोंच्या, कधी लाखोंच्या संख्येने अंडी घालण्यास येतात. कासव फुप्फुसांनी श्वास घेते. ट्रॉलरच्या जाळ्यात अडकून वर येता आले नाही की ते पाण्यातच गुदमरते. १९९० नंतरच्या दशकात या वाळूवर दरवर्षी हजारो मृत कासवे आढळली. पाण्याखालचा जीव मासा आहे की कासव, हे सोनार यंत्राने आधीच ओळखता आले, तर हा संहार टळेल काय?

कल्पना निराधार नाही. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने जातो. तीस मीटर खोलीवरून त्याचा प्रतिध्वनी सेकंदाच्या चार शतांशात परततो. बहुतेक माशांच्या पोटात वायूने भरलेली पिशवी असते आणि प्रतिध्वनीचा मोठा भाग तिच्यामुळेच उमटतो. कासवाला अशी पिशवी नसली, तरी कठीण कवच आणि त्याखालची हवेने भरलेली फुप्फुसे असतात. त्यामुळे दोघांच्या प्रतिध्वनीत फरक पडतो. मलेशियातील संशोधकांनी हिरव्या कासवांवर या दृष्टीने प्रयोगही केले आहेत.

तथापि प्रयोगातील कासव आणि समुद्रातील कासव यांत अंतर आहे. कासव वळले की प्रतिध्वनी बदलतो. खोल गेले की फुप्फुसे आकुंचन पावतात आणि तो पुन्हा बदलतो. माशांच्या दाट थव्यात एकटे कासव लपून जाते. शिवाय कोळंबीचे जाळे तळालगत ओढले जाते, आणि तेथे तळाच्याच प्रबळ प्रतिध्वनीत इतर खुणा बुडतात. म्हणजे धोका जेथे अधिक, तेथेच यंत्राची दृष्टी अधू.

याउलट जाळ्यात बसविण्याची कासवमुक्ती जाळी कोणाचीही ओळख विचारीत नाही. तिरक्या गजांमधून कोळंबी मागे जाते, मोठा प्राणी वरच्या फटीतून बाहेर पडतो. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने भारतीय मच्छीमारीस अनुरूप असा तिचा आराखडाही तयार केला आहे. थोडी मासळी त्याच वाटेने निसटते, ही मच्छीमारांची तक्रार खोटी नव्हे; त्या तोट्याचा भार एकट्या त्यांच्यावर टाकणे न्याय्य ठरणार नाही.

मग सोनारचे स्थान कोणते? कासवे केव्हा, कोठे व किती खोलीवर जमतात, याच्या पाहणीत त्याने इतर साधनांना साथ द्यावी. ओडिशात या भागांत १ नोव्हेंबर ते ३१ मे असे सात महिने मासेमारीवर निर्बंध असतात. त्यांची झळ लहान होडीवाल्यांनाही बसते. पाहणी जितकी नेमकी, तितके निर्बंध नेमके आखता येतील. वेळासपासून सिंधुदुर्गापर्यंत हीच कासवे आपल्याही किनाऱ्यावर येतात. म्हणून हा प्रश्न आपल्याला परका नाही. यंत्र फार तर ओळख पटवील. सुटका करावयाची ती माणसांनीच, आणि तिची किंमतही सर्वांनी मिळून सोसली पाहिजे.