वस्तादाची उमेदवारी

14 नोव्हेंबर 2021 रोजी स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या ट्रॅकवर व्हॅलेंटिनो रॉसी आपली शेवटची मोटोजीपी शर्यत धावला आणि दहावा आला. त्या वर्षीच्या गुणतक्त्यात तो अठरावा होता. नऊ जगज्जेतेपदं, 115 विजय आणि 432 शर्यती नावावर असलेल्या माणसाचा हा निरोप आकड्यांत पाहिला तर केविलवाणाच. पण ती शर्यत जिंकली फ्रान्सेस्को बन्याइया याने, आणि हा बन्याइया रॉसीच्याच आखाड्यातला पोरगा. त्याने डोक्यावर चढवलेलं हेल्मेटही वस्तादाच्या जुन्या डिझाइनचं होतं.

पुण्यात किंवा कोल्हापुरात सिग्नलला थांबलेल्या पल्सरवर, आर-फिफ्टीनवर रॉसीचा पिवळा 46 चिकटवलेला दिसतो. तो लावणाऱ्या किती जणांनी रॉसीला ऐन भरात धावताना पाहिलं असेल, देव जाणे. त्याच्या शर्यतींबद्दल मराठीतही बरंच लिहून झालं आहे. मोटोजीपीपलीकडे त्याने काय केलं, यावर मात्र फारसं कोणी बोलत नाही. मला तोच भाग जास्त रंजक वाटतो, कारण एकाच माणसाने एकाच वेळी दोन उलट्या भूमिका घेतल्या. दुचाकीवर तो गुरू झाला आणि चारचाकीत उमेदवार.

आधी गुरूपणाची गोष्ट. इटलीच्या पूर्व किनाऱ्यालगत पेझारो आणि रिमिनी यांच्या मधे ताव्हुलिया नावाचं छोटं गाव आहे. रॉसी वाढला तिथे. हा सगळा पट्टाच मोटरसायकलवेडा. मिसानोचा ट्रॅक हाकेच्या अंतरावर, आणि वडील ग्रात्सियानो स्वतः रेसर. 1979 मध्ये त्यांनी 250 सीसी गटात तीन ग्रांप्री जिंकल्या होत्या. गावाजवळच्या एका जुन्या खाणीत रॉसी आणि त्याचे मित्र मातीत गाड्या घसरवायचे. त्या टोळक्यात आपल्याहून आठ वर्षांनी लहान असलेल्या मार्को सिमोन्चेलीला रॉसीने सोबत घेतलं. दोघांची जिम एक, खाण एक. ऑक्टोबर 2011 मध्ये मलेशियातल्या सेपांग ट्रॅकवर सिमोन्चेली पडला, आणि मागून येणाऱ्या ज्या दोन गाड्या त्याच्यावर आदळल्या त्यांतली एक रॉसीची होती. सिमोन्चेली वाचला नाही. मिसानोच्या ट्रॅकला आज त्याचंच नाव आहे.

रॉसीच्या रायडर अकादमीचा कागदोपत्री जन्म त्यानंतर दोनेक वर्षांनी झाला. मूळ कल्पना साधी होती: एका पोरासोबत जे आपोआप घडत होतं, ते आता दहा पोरांसोबत ठरवून करायचं. ताव्हुलियाबाहेरच्या टेकड्यांवर रॉसीने स्वतःचा मातीचा ट्रॅक बांधून घेतला. लोक त्याला 'रँच' म्हणतात. दिवस ठरलेले, घड्याळ लावलेलं, आणि मोटोक्रॉसच्या बाईकवर मोटोजीपीतले रायडर एकमेकांच्या चाकाला चाक लावून धावतात. हरणाऱ्याची दिवसभर टिंगल. आपल्याकडच्या तालमीत वस्ताद कट्ट्यावर बसून हुकूम सोडत नाही, लंगोट लावून पोरांशी जोर करतो. रँचवरही तसंच. रॉसी स्वतः धावायचा, हरायचा, चिडायचा.

डांबरावर ताशी साडेतीनशे किलोमीटरने पळणाऱ्याला माती कशाला, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. मोटोजीपीच्या बाईकचं किमान वजन 157 किलो आणि ताकद तीनशे अश्वशक्तीच्या आसपास. वळणातून बाहेर पडताना मागचं टायर सुटायला लागतं, आणि ते किती सुटू द्यायचं हे उजव्या मनगटाला ठरवावं लागतं. हा अंदाज डांबरावर शिकायचा म्हटलं तर प्रत्येक चूक हाड मोडून जाते. शिवाय बाईकच्या किमतीचा प्रश्न आहेच. मातीत टायर साठच्या वेगातही सुटतं, फेरीत पंचवीसदा सुटतं, आणि पडलं तर पोरगं कपडे झटकून उठतं. लंबगोल ट्रॅकवर डावीकडे वळताना डावा पाय जमिनीला टेकवून घसरत न्यायचा असतो, म्हणून डाव्या बुटाच्या तळाला पोलादी पत्रा बसवलेला असतो. दिवसाअखेरीस तो पत्रा आरशासारखा घासलेला असतो, आणि कोण पायावर जास्त भार टाकतो हे त्यावरून समजतं.

ही युक्ती रॉसीची नाही, अमेरिकनांची आहे. केनी रॉबर्ट्स 1978 ते 1980 अशी तीन वर्षं 500 सीसीचा जगज्जेता होता, आणि तो मातीच्या ट्रॅकवरूनच युरोपात आला होता. निवृत्तीनंतर त्याने कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टोजवळच्या आपल्या शेतावर पोरांना छोट्या बाईकवर मातीत घासायला लावलं. त्याच्या संघातून वेन रेनी 1990 पासून सलग तीन वेळा जगज्जेता झाला. 1993 मध्ये मिसानोलाच रेनी पडला आणि छातीखाली लुळा झाला. पुढे त्यानेही चाकाच्या खुर्चीवरून संघ चालवला, आणि आज अमेरिकेतली राष्ट्रीय मालिका तोच बघतो. रॉबर्ट्स तिखट जिभेचा मालक होता. रॉसीकडे मालकी आहे, पण वागणं मोठ्या भावाचं.

शिकवणं म्हणजे नेमकं काय, हेही पाहायला हवं. क्रिकेटचा कोच नेटमागे उभा राहून कोपर वर घे म्हणून सांगतो. रेसरच्या कानात शर्यतीत कोणी बोलत नसायचं. पिटच्या भिंतीवरून फळा दाखवायचा किंवा बाईकच्या डॅशवर एखादा शब्द पाठवायचा, एवढीच सोय. म्हणून कोच सरावात ट्रॅकच्या कडेला, एका ठराविक वळणावर जाऊन उभा राहतो. कोण कुठे ब्रेक धरतो, कोणाचं डोकं आधी वळतं, कोणाची बाईक वळणाच्या मध्यावर एकदा हलते आणि कोणाची दोनदा, हे टिपतो. रॉसीनेही 2016 पासून लुका काडालोराला या कामासाठी ठेवलं होतं. काडालोरा तीन वेळा जगज्जेता झालेला, पण सगळं मधल्या आणि छोट्या गटांत. नऊ जगज्जेतेपदांचा धनी वयाच्या सदतिसाव्या वर्षी दुसऱ्याला म्हणतो, मी काय चुकतोय ते बघ. मला वाटतं, आपल्या पोरांना त्याने दिलेला सगळ्यात मोठा धडा हाच असावा.

शिकवता न येणाऱ्या गोष्टीही असतात. जोरात ब्रेक मारताना वळणाच्या आतल्या बाजूचा पाय फूटपेगवरून काढून हवेत लोंबता सोडायची सवय रॉसीने 2005 च्या सुमारास आणली. त्याने तोल सांभाळला जातो, वारा अडतो की नुसता धीर येतो, यावर इंजिनिअर आजही वाद घालतात. रॉसीलाही ते नीट समजावता आलं नाही. तरी आज मोटोजीपीच्या रांगेतला जवळजवळ प्रत्येक जण पाय सोडतो.

आपल्याकडे म्हण आहे की वस्ताद एक डाव राखून ठेवतो. रॉसीने तो ठेवला असता तरी टिकला नसता. आजच्या बाईकवर प्रत्येक फेरीतला ब्रेकचा दाब, थ्रॉटलचा कोन, झुकाव सगळं नोंदलं जातं, आणि एकाच कंपनीच्या रायडरांना एकमेकांची नोंद उघडून पाहता येते. हातचं राखण्याला तिथे जागाच नाही. आणि खरं सांगायचं तर त्याच्या या गुरूपणात स्वार्थही होता. चाळिशीकडे झुकलेला रेसर एकटा सराव करत राहिला तर मंदावतो, विशीतल्या पोरांशी रोज भिडला तर थोडा उशिरा मंदावतो. अकादमीने त्याची कारकीर्द दोनचार वर्षांनी लांबवली असं मी म्हणेन. फक्त त्याच वर्षांत ती पोरं त्याच्या पुढे निघून गेली. फ्रँको मोर्बिडेली 2017 मध्ये आणि बन्याइया 2018 मध्ये मोटोजीपीच्या खालच्या गटाचा, मोटो-टूचा, जगज्जेता झाला.

2022 मध्ये बन्याइयाने प्रतिस्पर्धी फाबिओ क्वार्टारारोची 91 गुणांची आघाडी मोडून मोटोजीपीचं जगज्जेतेपद घेतलं, आणि तेही डुकाटीवर. याच डुकाटीवर 2011 आणि 2012 अशी दोन वर्षं काढून रॉसीला एकही शर्यत जिंकता आली नव्हती. गुरूला न वळलेलं जनावर चेल्याने वळवलं. 2023 मध्ये त्याने ते पद राखलं. त्याच वर्षी 24 सप्टेंबरला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली मोटोजीपी शर्यत झाली, ती जिंकली मार्को बेझेक्कीने. तोही अकादमीतलाच, आणि त्याची बाईक रॉसीच्या संघाची. रॉसी भारतात कधीच शर्यत धावला नाही, पण भारतातल्या पहिल्या विजयावर त्याचा आकडा होता.

आता दुसरी बाजू. चारचाकी ही रॉसीची जुनी अपुरी राहिलेली हौस. लहानपणी तो आधी कार्टिंग करायचा. कार्टचा खर्च वाढत गेला तेव्हा बापाने हिशेब मांडून त्याला छोट्या मिनीमोटो बाईककडे वळवलं. पैसे थोडे जास्त असते तर बाईकच्या इतिहासात 46 नसता. पुढे फेरारीने त्याला फॉर्म्युला वनच्या चाचणीला बोलावलं, 2006 मध्ये तर व्हॅलेन्सियाला बाकीच्या संघांसोबत ट्रॅकवर उतरवलं. तिथे त्याचा वेग कुचेष्टेचा विषय मुळीच नव्हता. तरी तो बाईकवरच राहिला. मधेमधे रॅलीत डोकावायचा: 2002 मध्ये ब्रिटनच्या जागतिक रॅलीत गाडी लवकरच रस्त्याबाहेर, 2006 मध्ये न्यूझीलंडला अकरावा. मोन्झाची वर्षअखेरची रॅली मात्र त्याने सात वेळा जिंकली.

हौस वेगळी आणि नोकरी वेगळी. जानेवारी 2022 मध्ये त्याने बेल्जियमच्या डब्ल्यूआरटी संघाशी करार केला आणि जीटी-थ्री गाड्यांच्या युरोपीय मालिकेत उतरला, आधी ऑडी, पुढच्या वर्षापासून बीएमडब्ल्यू. इमोलाच्या पहिल्याच शर्यतीत पिटमध्ये येताना तो आपल्या संघाची जागा ओलांडून सरळ पुढे निघून गेला. लोक हसले. पण त्यात अडाणीपणा नव्हता. कोरड्या ट्रॅकवरच्या बाईक शर्यतीत पिटला थांबायचंच नसतं, पंचवीस वर्षांत ती सवय लागणार कुठून?

बारीक फरक पाहिले तर मजा येते. बाईकवर पुढचा ब्रेक उजव्या हाताच्या दोन बोटांनी धरतात आणि डावा पाय गिअर बदलतो. जीटी गाडीत गिअर बोटांवर आले आणि ब्रेक डाव्या पायाकडे गेला. मोटोजीपीत एबीएसला बंदी, म्हणून पुढचं चाक लॉक होण्याच्या एक केसभर अलीकडे बोट थांबवायचं असतं. जीटीत एबीएस आहे, म्हणून पायात असेल नसेल ती ताकद एकदम लावायची आणि मग हळूहळू सोडत वळणात शिरायचं. हे सोडत जाणं बाईकवाल्याला उपजत येतं, सुरुवातीचा तडाखा येत नाही. बाईकवर शरीर हेच निम्मं यंत्र. इथे पट्ट्यांनी आवळून बसवल्यावर नुसते हातपाय उरतात. आणि दोन मीटर रुंद गाडीचा पलीकडचा कोपरा कुठे संपतो, हे बाईकवाल्याला कधी मोजावंच लागलेलं नसतं.

मला सगळ्यात अवघड वाटते ती वाटणी. दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीत एक गाडी दोघा-तिघांची. सीट, ब्रेकचा समतोल, टायरचा वापर, सगळ्यात तडजोड. ज्याच्यासाठी यामाहाने बाईक घडवली त्याला इथे म्हणावं लागतं, तुम्हाला चालेल ते मला चालेल. अशा शर्यतींच्या जागतिक मालिकेच्या एलएमजीटी-थ्री गटात चालकांना प्रतवारी असते, आणि तिघांत एक ब्राँझ, म्हणजे हौशी, असावाच लागतो. 2024 मध्ये ओमानचा अहमद अल हार्थी ब्राँझ, बेल्जियमचा मॅक्सिम मार्टिन प्लॅटिनम, आणि मधल्या सिल्व्हरच्या खणात व्हॅलेंटिनो रॉसी. त्या वर्षी इमोलाला तिघे दुसरे आले. ल मान्समध्ये रात्री सहकाऱ्याच्या हातून गाडी धडकली आणि शर्यत संपली. त्याबद्दल सहकाऱ्याला बोल लावायचा नाही, हाही या खेळाचा नियमच. 2023 मध्ये मात्र घरच्या मिसानोवर मार्टिनसोबत त्याने युरोपीय मालिकेतला पहिला विजय मिळवला होता.

दोन्ही खेळांत शिखर गाठलेला माणूस एकच: ब्रिटनचा जॉन सर्टीस. बाईकवर सात जगज्जेतेपदं आणि 1964 मध्ये फेरारीतून फॉर्म्युला वनचं. मोटोजीपीचा जगज्जेता केसी स्टोनर याने निवृत्तीनंतर 2013 मध्ये ऑस्ट्रेलियात कार शर्यतींचा एक मोसम करून पाहिला आणि गप घरी गेला. रॉसी सर्टीस होणार नाही, हे त्याला करार करतानाच ठाऊक असणार. बाईकवरून चारचाकीत गेलेला तो जगातला सर्वोत्तम चालक नाही, आणि त्याच्या प्रेमात पडून तसं म्हणणाऱ्यांनी गुणतक्ते बघावेत. पंचेचाळिशीत सिल्व्हर म्हणवून घेत रोज डेटा उघडून मार्टिनच्या ब्रेकशी आपला ब्रेक ताडून पाहणं, एवढंच तिथे त्याला करायचं होतं आणि ते त्याने केलं.

आपल्याकडे हे चित्र कुठे दिसतं का? बंगळुरूचा सी. एस. संतोष हा 2015 मध्ये डाकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय. त्याने बंगळुरूजवळ 'बिगरॉक' नावाचा मातीचा तळ उभारून पोरांना शिकवायला घेतलं, आणि शिकवता शिकवता स्वतः डाकारला जात राहिला. 2021 मध्ये सौदी अरेबियात तो असा पडला की डॉक्टरांना त्याला कृत्रिम बेशुद्धीत ठेवावं लागलं. महाराष्ट्रात चाकणला जगभर जाणाऱ्या केटीएम बाईक बनतात, पण डांबरी शर्यतीसाठी पोराला चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला नाहीतर कोइम्बतूरला न्यावं लागतं. मातीला मात्र एवढं काही लागत नाही. दोन एकर पडीक जमीन, पाण्याचा टँकर, एक रोलर, आणि पोरांपुढे हरायची तयारी असलेला एखादा निवृत्त रेसर. जमीन, टँकर आणि रोलर आपल्याकडे मुबलक आहेत.