गाळ्याचा करार संपला, आता पुढे काय?

अहिल्यानगरच्या कापड बाजारात गाळ्याचा करार संपला की मालक म्हणतो, 'दुकान खाली करा'. दुकानदार म्हणतो, 'आधी डिपॉझिट द्या'. रोजीरोटी आणि जुनं नातं, दोन्ही पणाला लागतात. म्हणून आधी कागद बघा. भाडेकरू असाल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं संरक्षण मिळतं. लिव्ह अँड लायसन्सवाल्याला मुदतीनंतर राहण्याचा हक्क नाही. कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. मालकाने कुलूप ठोकू नये, वीज-पाणी तोडू नये, कोर्टात जावं. दुकानदारानेही भाडं थांबवू नये, पावती मागून घ्यावी. डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार, हे करारातच लिहून घ्या. तोंडी शब्द कोर्टात सिद्ध करणं अवघड जातं.