घरचा नळ आणि गल्लीतील शेवटचे घर

बेळगाव व खानापूर तालुक्यांतील कित्येक खेड्यांच्या गल्ल्या गेल्या काही वर्षांत उकरल्या गेल्या, त्यांतून निळे-काळे नळ टाकण्यात आले आणि दारोदार तोट्या उभ्या राहिल्या. काही तोट्यांना रोज पाणी येते, काहींना दिवसाआड येते, आणि काहींवर घरच्या बाईने ओले फडके वाळत घातलेले दिसते. ज्या तोटीला पाणी येत नाही तिचा दुसरा उपयोग तरी काय करावा?

१५ ऑगस्ट २०१९ रोजी केंद्र सरकारने जल जीवन मिशन जाहीर केले, त्या वेळी देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी सुमारे १७ टक्के, म्हणजे सव्वातीन कोटींच्या आसपास कुटुंबांच्या घरी नळ होता. ही संख्या पुढे १५ कोटींवर गेली. आमच्या शेजारच्या गोव्याने तर २०२० सालीच आपल्या सर्व ग्रामीण घरी नळ पोहोचल्याचे जाहीर केले. कर्नाटकात या कार्यास ‘मने मनेगे गंगे’, म्हणजे घरोघरी गंगा, असे नाव मिळाले. २०२४ साली पुरे व्हावयाचे हे काम उरलेल्या घरांसाठी २०२८ पर्यंत लांबविण्यात आले आहे.

परंतु वाचकहो, सरकारी मोजणीत गाव पुरे झाले तरी गावातील घरे पुरी होत नसतात. भावाभावांत वाटणी होते, मागच्या परड्यात नवे घर उठते, मुंबईस नोकरी केलेला मुलगा निवृत्त होऊन परततो व वडिलांच्या जागेवर चार खोल्या बांधतो. गल्लीतून मोठा नळ गेलेला असतो, पण आपल्या दारी तोटी नसते. अशा कुटुंबांसाठी प्रामुख्याने हा लेख आहे.

प्रथम कागदांचे पाहू. खेड्यात नळाची जोडणी मागावयाची ती ग्रामपंचायतीकडे. अर्जासोबत सामान्यतः घराचा पंचायतीचा उतारा, घरपट्टी भरल्याची पावती आणि कुटुंबप्रमुखाचे आधार कार्ड लागते. जोडणीची रक्कम व पाणीपट्टी ग्रामपंचायत ठरविते, तिची पावती घेतल्यावाचून पैसे कोणाच्याही हाती देऊ नयेत. हे ऐकावयास सोपे आहे. अडचण येते ती उताऱ्यावरील नावाची. घर आजोबांच्या नावे, आजोबांना जाऊन तीस वर्षे झाली, त्यांचे तीन मुलगे, पैकी एक वारला, त्याची विधवा मागच्या खोलीत राहते. मोठ्या दिराने नळ घेतला तो पुढच्या अंगणात, आणि ‘त्याच नळाचे पाणी भरा की’ असे तिला सांगण्यात आले. चार महिने ठीक चालते. पुढे शब्दाला शब्द लागतो आणि तोटीला कुलूप पडते. अशा वेळी वारसांची नोंद करून घेणे हाच सरळ मार्ग होय; तोवर इतर हिस्सेदारांचे संमतिपत्र जोडून वेगळ्या चुलीसाठी वेगळी जोडणी मागता येते की नाही, हे पंचायत विकास अधिकाऱ्यास, ज्याला आपण पीडीओ म्हणतो, स्पष्ट विचारावे. नळ मिळाला म्हणून कोणी घराचा मालक होत नाही, आणि वहिनीला नळ दिला म्हणून दिराचा हिस्सा कमी होत नाही. ही भीती पुष्कळांच्या मनात असते आणि तिच्यापायी एका घरातील माणसे पाण्यावाचून राहतात.

दुसऱ्याच्या अंगणातून नळ न्यावा लागत असेल तर अधिक जपावे. शेजारी आज संबंध गोड असल्याने ‘खुशाल न्या’ म्हणतो. ती झाली परवानगी. आणि १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमाप्रमाणे अशी साधी परवानगी देणारास ती बहुधा मागेही घेता येते. नळ कोठून जाईल, किती खोल जाईल, दुरुस्तीस उकरावे लागल्यास फरशी कोणी बसवावी, हे चार ओळींत लिहून दोघांनी सह्या कराव्या. कायमचा हक्कच हवा असेल तर वकिलाकडून रीतसर लेख करून नोंदवून घ्यावा.

सीमाभागातील आमच्या वडीलधाऱ्यांना आणखी एक अडचण भेडसावते. छापील अर्ज कानडीत असतो, आणि त्यांना कानडी अक्षर ओळखत नाही. घरचे शाळकरी मूल कानडी वाचते. त्याच्याकडून प्रत्येक रकाना वाचून घेतल्यावरच सही करावी. मात्र गाऱ्हाणे मांडावयाचे असेल तर भाषेसाठी अडून बसण्याचे कारण नाही. राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने प्रत्येकास आपले गाऱ्हाणे केंद्रात वा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत सादर करण्याचा अधिकार दिला आहे. मराठीत लिहावे, तारीख घालावी, आणि दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्यावी.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. गल्लीतील मोठ्या नळास खोगिरासारखा पट्टा आवळतात, त्यास सॅडल म्हणतात; त्यात फेरूल नावाची लहानशी पितळी चावी बसवून तेथून घराकडे अर्ध्या इंचाची नळी आणतात. भोक पाडणे व फेरूल बसविणे हे पंचायतीच्या माणसाचे काम आहे, आपल्या ओळखीच्या प्लंबरचे नव्हे. रात्री चोरून पाडलेले भोक पुढे वर्षभर झिरपते आणि त्याचा भुर्दंड साऱ्या गल्लीस पडतो. घरात शिरण्यापूर्वी नळीवर बंद करण्याची एक चावी अवश्य ठेवावी. मीटर असल्यास तो हात पोहोचेल व आकडा दिसेल अशा जागी असावा. घरातील सर्व तोट्या बंद करूनही मीटरचा काटा फिरत असेल तर भिंतीत किंवा जमिनीत कोठे तरी गळती आहे असे समजावे.

खड्डा उथळ काढण्याचा मोह टाळावा. रस्त्याखाली नळावर सुमारे एक मीटर माती असावी, नाहीतर ऊस भरलेली पहिलीच गाडी त्याचा चुराडा करते. गटाराच्या चरातून तर पाण्याचा नळ कदापि नेऊ नये. शक्य तेथे दोहोंत तीन मीटरांचे अंतर ठेवावे, आणि गटार ओलांडणे अटळच झाले तर पाण्याचा नळ वरून जावा व तेथे सांधा नसावा. एक चर वाचला म्हणून कंत्राटदार खूश होतो, घरमालकही खूश होतो. पावसाळ्यात मुलांना हगवण लागते तेव्हा मात्र त्या चराची आठवण कोणासही होत नाही.

याहून गंभीर प्रकार पंपाचा आहे, आणि त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. या योजनेत माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. पाच माणसांच्या घरास २७५ लिटर. दहा लिटरांची बादली एका मिनिटात भरत असेल, तर अर्ध्या तासाच्या आत घराचा वाटा पुरा होतो. हा हिशेब माणसांचा आहे, जनावरांचा नाही. गोठ्यात दोन म्हशी बांधलेल्या असल्या की तो लगेच तोकडा पडतो, हे कोणी अधिकाऱ्याने सांगावयास नको. मग टाकी भरून ठेवण्याची घाई होते, आणि कोणी तरी विजेचा पंप आणून थेट नळासच जोडतो.

आमच्या परिचयाच्या एका गावात, जेथे गल्ली चढावर जाते, तेथे असेच झाले. खालच्या एका घराने पंप लावला. शेजाऱ्याचे पाणी बारीक झाले म्हणून त्यानेही लावला. सहा महिन्यांत निम्म्या गल्लीत पंप आले, आणि चढाच्या टोकाला राहणाऱ्या विधवेची तोटी पाणी सुटण्याच्या वेळी पाण्याऐवजी वाऱ्याचा फुत्कार टाकू लागली. पाणीपट्टी तिलाही सर्वांइतकीच होती. मोलमजुरीस जाणारी ती बाई पहाटे पुन्हा जुन्या विहिरीवर जाऊ लागली. तिने तक्रार केली तेव्हा ‘चढावर घर बांधताना विचार करायचा होता’ असे उत्तर तिला मिळाले. या उत्तराइतके निर्दय उत्तर आम्ही क्वचितच ऐकले असेल.

पंप काय करतो हे समजून घ्यावे. तो पाणी निर्माण करीत नाही, शेजाऱ्याच्या वाट्याचे ओढतो. शिवाय तो ओढू लागला की नळातील दाब बाहेरच्या दाबाहूनही खाली जाऊ शकतो. अशा वेळी जेथे सांधा सैल आहे व भोवती सांडपाणी साचले आहे, तेथून ते घाण पाणी नळात शिरते आणि पंप ते स्वतःच्याच टाकीत ओततो. म्हणून थेट नळास पंप लावणे नियमाविरुद्ध आहे. उंच टाकी भरावयाची असेल तर नळाचे पाणी आधी आपल्या दाबाने जमिनीवरील हौदात पडू द्यावे, आणि तेथून पंपाने वर चढवावे. खर्च एका हौदाचा आहे.

त्या गल्लीतील भांडण अखेर बायकांनी मिटविले. गावाच्या पाणी समितीत निम्म्या जागा स्त्रियांसाठी असाव्यात असे योजनेचे सूत्र आहे. तेथील स्त्रिया आजवर कागदावरच होत्या, त्या एका बैठकीस प्रत्यक्ष जाऊन बसल्या. पाणी सुटण्याच्या वेळी त्या गल्लीची वीज बंद ठेवण्याची मागणी त्यांनी केली. पुरुषांनी पुष्कळ कुरकुर केली. आठ दिवस करून पाहू असे ठरले. दुसऱ्याच दिवशी वरच्या तोटीला बोटभर धार आली. पाणी सोडणाऱ्या माणसाने वरच्या टोकास एक चावी बसवून घेण्याचे सुचविले, तेही पुढे झाले. पंप मात्र सर्वांनीच काढले असे म्हणता येणार नाही. दोघांचे अद्याप जागेवर आहेत.

नवा नळ सुरू झाल्यावर पहिले पाणी काही वेळ वाहू द्यावे व ते झाडांना घालावे, कारण त्यात माती व कामाचा कचरा असतो. पुढेही पाण्यास औषधाचा किंचित वास आला तर नाक मुरडू नये. घरच्या तोटीपर्यंत लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे असे भारतीय मानक आहे. प्रत्येक गावात पाच स्त्रियांना पाणी तपासण्याची पेटी वापरावयास शिकवावे असेही योजनेत आहे. आपल्या गावात ती पेटी कोणाच्या घरी आहे याची चौकशी करावी. कपाटात बंद असेल तर बाहेर काढावी, आणि आतील औषधांची मुदत पाहावी.

राहता राहिली विहीर. नळ आल्याबरोबर विहिरीत कचरा टाकणारी घरे आम्ही पाहिली आहेत. गोव्यातील पुष्कळ घरांनी नळ येऊनही आपली बांय शाबूत ठेवली, हे शहाणपणाचे झाले. वीज गेली, मोठा नळ फुटला, की गाव तिच्याकडेच धाव घेते. मात्र विहिरीच्या पंपाची नळी व सरकारी नळ एकमेकांस जोडू नयेत, मध्ये चावी असली तरीही. चावी एक दिवस उघडी राहते आणि विहिरीचे पाणी साऱ्या गल्लीच्या नळात जाते. गुरांना, धुण्याला, परसातील माडांना विहिरीचे पाणी द्यावे. कठड्याचा चिरा ढळला असेल तर तो आगोटीपूर्वी, मे महिन्यातच बसवून घ्यावा. पाऊस लागल्यावर गवंडी मिळत नाही.