बुद्धी एक की अनेक? एका शतकाच्या वादाचा मागोवा

१९०४ साली चार्ल्स स्पिअरमन या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने शाळकरी मुलांचे फ्रेंच, इंग्रजी, गणित अशा विषयांतले प्रावीण्य आणि स्वरांतला बारीक फरक ओळखण्याची क्षमता एकमेकांशी ताडून पाहिली. एकात पुढे असलेली मुले बहुधा इतरांतही पुढे होती. या सहसंबंधांच्या मुळाशी एकच सामान्य क्षमता आहे, असे त्याने मांडले. तोच 'जी', म्हणजे सामान्य घटक.

१९३८ मध्ये शिकागोच्या लुई थर्स्टन यांनी हा निष्कर्ष नाकारला. शब्दज्ञान, शब्दांची ओघवती आठवण, संख्या, अवकाशबोध, स्मरण, पाहून बारकावे टिपण्याचा वेग आणि तर्क अशा सात स्वतंत्र क्षमता त्यांनी वेगळ्या काढल्या. मात्र पुढे मुलांच्या चाचण्यांत या क्षमताही परस्परांशी जोडलेल्या दिसल्या आणि सामान्य घटकाला त्यांनी जागा दिली. स्वतःच्या सिद्धांतापेक्षा आकड्यांना मान देणारी ही वृत्ती मला फार मोलाची वाटते.

रेमंड कॅटेल यांनी सामान्य बुद्धीचीच फोड केली. अनोळखी आकृत्यांतला नियम हुडकून पुढची आकृती ओळखायची, तर लागते ती प्रवाही बुद्धी. अवघड शब्दाचा अर्थ सांगताना कामी येते ती शिक्षणाने आणि अनुभवाने घट्ट झालेली बुद्धी. पहिली तरुणपणानंतर उतरू लागते, दुसरी पुष्कळ काळ टिकते.

१९८३ मध्ये हॉवर्ड गार्डनर यांनी संगीत, शरीरकौशल्य, माणसांची जाण यांनाही बुद्धीचा दर्जा दिला. शिक्षकांनी ही मांडणी उचलून धरली. चाचण्यांचा भक्कम आधार मात्र तिला मिळाला नाही. १९९३ मध्ये जॉन कॅरोल यांनी साडेचारशेहून अधिक अभ्यासांतली माहिती नव्याने पिंजून तीन थर मांडले: तळाशी नेमकी कौशल्ये, मध्ये व्यापक क्षमता, माथ्यावर सामान्य घटक. आज बहुतेक चाचण्या याच वळणाने बांधल्या जातात. क्षमता एकत्र का नांदतात, यावर मात्र अजून एकमत नाही.

आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात बिने यांची बुद्धिचाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली. बिने-कामत चाचणी आजही वापरात आहे. पण बुद्धीत सामान्य घटकाखाली अनेक क्षमता असतात, म्हणून पालकांना आणि शिक्षकांना कळकळीचे सांगणे: मुलाच्या चाचणीचा अहवाल हाती आला, की एकट्या बुद्ध्यांकावर थांबू नका. कुठल्या क्षमतेत मूल पुढे आहे, कुठे त्याला हात द्यायला हवा, हे चाचणी घेणाऱ्याला आवर्जून विचारा.