हेराल्डचा क्लच आणि खानदेशचें हवामान



खानदेशांत कापसाच्या गांठी आवळणारीं प्रेसें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांना आजचा विषय निम्मा आधींच कळला आहे. बंद नळींतील द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्वत्र सारखा पोहोंचतो, हा फ्रेंच पंडित पास्कल याचा सिद्धांत. त्याच्या आधारें जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिरानें १७९५ सालीं दाबयंत्राचें पेटंट घेतलें. मद्रासेस १९६१ पासून तयार होऊं लागलेल्या स्टँडर्ड हेराल्ड मोटारीचा क्लच याच युक्तीनें चालतो. जळगांव-धुळ्याकडे कोणी ही जुनी गाडी हौसेनें जपली असेल, तर पुढील विवेचन त्याच्या उपयोगी पडेल.

पेडल दाबलें कीं मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या द्रव पुढें लोटतो. तो द्रव गिअरपेटीजवळच्या स्लेव्ह सिलिंडरांत शिरतो, आणि तेथील दट्ट्या काटा ढकलून क्लच मोकळा करितो. दोन्ही दट्ट्यांवर रबराच्या लहानशा वाट्या असतात. सारी मदार त्यांवर.

या द्रवास बाजारांत ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात, आणि या एका शब्दानें पुष्कळ घात केला आहे. तें तेल नव्हेच! ऑइल म्हणून त्यांत इंजिनाचें तेल ओतलें, किंवा सिलिंडर रॉकेलनें धुतला, तर रबर फुगून निकामी होतें. धुण्यास स्पिरिट अथवा तोच ताजा द्रव घ्यावा.

उन्हाळ्यांत पारा ४४-४५ अंशांवर गेला कीं द्रव उकळून क्लच बसतो, अशी समजूत आढळते. ती चुकीची आहे. पाणी मुरलेला डॉट ३ द्रवसुद्धां सुमारें १४० अंशांपर्यंत उकळत नाहीं. खरा शत्रु पावसाळा. हा द्रव हवेंतील ओलावा शोषितो. त्या पाण्यानें सिलिंडर आंतून गंजतो, खड्डे पडतात, व ते रबर खरवडतात. उन्हानें रबर कडक होतें, हें मात्र खरें. म्हणून दर दोन वर्षांनीं द्रव बदलावा, आणि उघडा राहिलेला डबा कितीहि भरलेला असला तरी टाकून द्यावा. टाकीच्या झांकणाचें सूक्ष्म छिद्र धुळीनें बुजूं देऊं नये. खड्डे पडलेल्या सिलिंडरांत नवी वाटी घालणें व्यर्थ. तो बदलावा, किंवा आंत नवी बाही बसवून घ्यावी.

पूर्वसूचना मिळते, पण ती वाचतां आली पाहिजे. पेडल स्पंजासारखें लागलें तर आंत हवा आहे. स्लेव्हच्या रबरी टोपणाखालीं ओल दिसली तर वाटी गेली. टाकींतील पातळी कायम असूनहि, सपाटीवर इंजिन चालू ठेवून, पहिल्या गिअरांत पेडल दाबून धरलें असतां गाडी हळूंहळूं पुढें सरकूं लागली, तर द्रव मास्टरमधील वाटीच्या कडेनें मागें झिरपतो आहे असा दाट संशय घ्यावा. या खुणेकडे दुर्लक्ष करून लळिंगचा घाट चढूं नये. चढणीवर थांबावें लागलें, मागें भरलेला ट्रक आहे, आणि क्लच सुटत नाहीं, ही अवस्था जिवावरची आहे.

हवा काढणें दोघांचें काम: एकानें पेडल दाबावें, दुसऱ्यानें खालचा निपल सैल करून, पेडल सोडण्यापूर्वीं आवळावा. टाकी रिकामी होऊं देऊं नये, नाहीं तर पुन्हा पहिल्यापासून प्रारंभ. सांडलेला द्रव रंग खातो; त्यावर तत्काळ पाणी ओतावें.